काच खाली जाते, वर येत नाही : एका पॉवर विंडोचं प्रकरण

मावशीच्या गाडीची ड्रायव्हरशेजारची काच अर्ध्यावर अडकली, तेव्हा त्या काचेची मोटर बदलून जेमतेम महिना झाला होता. एका गॅरेजमध्ये ‘मोटर गेलीय’ असं सांगून मोटर आणि विंडो मशीन (काच वर-खाली नेणारी केबलची यंत्रणा) दोन्ही नवीन बसवलं होतं. काही दिवस काच चालली, आणि मग पुन्हा तेच. जुनी मोटर मावशीने मागून घेतली होती आणि ती पिशवीत घालून डिकीत ठेवलेली होती. तिचं पुढे काम पडलं.

मी पेशाने मेकॅनिक नाही. पण गाड्यांच्या वायरिंगचं काम बरीच वर्षं घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी करतो आणि मला ते मनापासून आवडतं. हे प्रकरण इतक्या तपशिलाने लिहितो आहे, कारण मधल्या टप्प्यावर मी एक चुकीचा निष्कर्ष काढला होता. तो का चुकला हे उमगलं तेव्हाच खरा दोष हाती लागला.

आधी चारही प्रकारे दाबून पाहिलं

दाराचा पॅड उघडण्याची घाई मी करत नाही. आधी गाडीत बसलो, दारं लावली, चावी ऑन केली आणि कागद-पेन घेतलं. शेजारच्या काचेला दोन ठिकाणांहून हुकूम देता येतो: तिच्या स्वतःच्या दारातल्या स्विचने आणि ड्रायव्हरच्या दारातल्या मास्टर स्विचने. प्रत्येकाची दोन कामं, वर आणि खाली. म्हणजे चार चाचण्या. कागदावर निकाल असा उतरला:

स्वतःच्या स्विचने खाली: जाते, नेहमीच्या वेगाने.
स्वतःच्या स्विचने वर: हलत नाही.
मास्टरने खाली: हलत नाही.
मास्टरने वर: हलत नाही.

बाकीच्या तिन्ही काचा व्यवस्थित. मास्टरवरचं विंडो लॉकचं बटण बंद होतं. तेही पाहिलं, कारण ते चुकून दाबलं गेल्यामुळे माणसं गॅरेज गाठतात हे मी पाहिलेलं आहे.

या चार ओळींतच अर्धं निदान आहे. पहिली ओळ सांगते की मोटर फिरते, विंडो मशीनची केबल शाबूत आहे, काच खाचेत अडकलेली नाही. एवढ्यावर कुणी म्हणेल की काच खाली जायला वजनाची मदत होते, वर न्यायला जोर लागतो, तेव्हा मोटर अशक्त असेल. शंका रास्त आहे. पण तिसरी ओळ ती मोडून काढते. तीच मोटर, तीच काच, तीच खाली जाण्याची दिशा, आणि तरी मास्टरने दाबलं तर काही होत नाही. मोटरला तर हुकूम कुठून आला ते कळत नसतं. म्हणजे दोष तिच्यापर्यंत करंट पोहोचण्याच्या वाटेवर होता. त्या गॅरेजमध्ये हे चार खटके दाबून पाहिले असते तर मोटर बदलावी लागली नसती, याचं मला आजही वाईट वाटतं.

करंटची वाट

या गाडीची वायरिंग सरळ पद्धतीची आहे. मधे कंट्रोल युनिट नाही, स्विचमधूनच मोटरला करंट जातो. मोटर कायम चुंबकाची, १२ व्होल्टची डीसी. तिला दोनच वायरी. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेली गाडीची बॉडी) दिली की एका दिशेने फिरते, अदलाबदल केली की उलट दिशेने. या गाडीत त्या वायरी निळ्या आणि हिरव्या आहेत. रंग प्रत्येक गाडीत वेगळे असतात, तेव्हा इथले रंग फक्त ही हकीकत समजण्यापुरते धरावेत. निळीला प्लस मिळाला की काच वर, हिरवीला मिळाला की खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शेजारच्या दारातल्या स्विचला प्लस थेट मिळतो, पण त्याला स्वतःची अर्थ नसते. तो स्विच कुणी दाबलेला नसतो तेव्हा मोटरच्या दोन्ही वायरी त्याच्यातून आरपार पुढे जातात, दाराबाहेर पडतात, डॅशबोर्डखालून ड्रायव्हरच्या दारात शिरतात आणि मास्टर स्विचमध्ये अर्थला टेकतात. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाने आपल्या बाजूचं बटण दाबलं, तरी करंटचा परतीचा प्रवास ड्रायव्हरच्या दारातूनच होतो. ही रचना बऱ्याच गाड्यांत आहे आणि निदान चुकण्याचं ते एक मोठं कारण आहे, कारण तक्रार असलेल्या दारापलीकडे कुणी पाहतच नाही.

हे डोळ्यांसमोर ठेवून कागद पुन्हा वाचला. स्वतःच्या स्विचने काच खाली जाते तेव्हा हिरवीला प्लस त्या स्विचमध्येच मिळतो आणि करंट निळ्या वायरने मास्टरकडे परत जातो. हे चालतं, म्हणून प्लस ठीक, मोटर ठीक, निळी वायर पूर्ण लांबीत ठीक. स्वतःच्या स्विचने वर न्यायची असेल तर परतीची वाट हिरवी. मास्टरने वर, तरीही परतीची वाट हिरवी. मास्टरने खाली, तर जायची वाट हिरवी. न चालणाऱ्या तिन्ही गोष्टींत दोन्ही दारांमधली लांब हिरवी वायर आहे. चालणाऱ्या एकमेव गोष्टीत तिचा संबंध नाही.

आरोपी दोनच उरले. एक, ती लांब हिरवी वायर. दुसरा, शेजारच्या स्विचमधला तो संपर्कबिंदू, जो स्विच दाबलेला नसताना मोटरची हिरवी या लांब हिरवीला जोडतो. मास्टर स्विचचाही विचार केला. पण त्याच्यात हिरवीला अर्थ देणारा आणि प्लस देणारा असे वेगवेगळे संपर्कबिंदू असतात. तिसरी ओळ समजावून सांगायला ते दोन्ही एकाच वेळी बिघडले असं मानावं लागलं असतं. एका दोषात सगळं बसत असेल तर आधी तो एकच दोष शोधायचा.

पहिल्या दिवशीची चूक

दोन आरोपींमधून एक निवडणं सोपं होतं, किंवा मला तसं वाटलं. शेजारच्या दारातला स्विच वर उचलून काढला, मागचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा खटका) सोडवला. मावशीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मास्टरने ती काच ‘खाली’ दाबायला सांगितलं. मल्टिमीटरची लाल तार कपलरमधल्या हिरव्या टोकावर, काळी बॉडीच्या उघड्या बोल्टवर. मीटरने दाखवलं १२.३ व्होल्ट.

बॅटरीवर १२.५ होते. हिरवी वायर ठणठणीत आहे, मग दोष स्विचमध्ये, असं मी ठरवलं. स्विच उघडला, तर आतले संपर्कबिंदू काळपट झालेलेही होते. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले, जोडलं, दाबलं, आणि काच वर आली. चारही प्रकारे चालली. मी समाधानाने हत्यारं आवरली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन आला. काच पुन्हा खाली अडकली होती आणि बाहेर पाऊस होता. ती म्हणाली, “अरे, गंमत बघ ना. मी उतरायला दार उघडलं आणि जाता जाता बटण दाबलं, तर आली वर. दार लावून पाहिलं, तर नाही.”

“कुठलं दार, मावशी? त्या काचेचं?”

“नाही रे, माझं. ड्रायव्हरचं.”

हे वाक्य तिने त्या गॅरेजमध्येही सांगितलं होतं, असं नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी विचारलं असतं तर मलाही सांगितलं असतं. मी बटणांचे चार प्रश्न विचारले, दारांचा एकही विचारला नाही.

फोन ठेवल्यावर पहिला दिवस पुन्हा आठवून पाहिला. चार चाचण्या केल्या तेव्हा सगळी दारं बंद होती. मीटर लावला तेव्हा मावशी ड्रायव्हरच्या सीटवर होती, एक पाय बाहेर टाकून, दार पूर्ण उघडं. स्विच साफ केल्यावर काच चालली तेव्हाही दार तसंच उघडं होतं. माझ्या क्लीनरचा त्या यशात काही वाटा नव्हता.

दुसरी खेप : मीटरला भार हवा

दुसऱ्या खेपेला गेलो तो एक नियम ठरवूनच: दोष दिसतो त्याच स्थितीत मोजायचं. म्हणजे ड्रायव्हरचं दार बंद.

दार बंद करून तीच मोजणी केली. कपलर सुटा, मास्टर ‘खाली’ दाबलेला, मीटर हिरवीवर. १२.१ व्होल्ट! काच हलत नव्हती, ती नादुरुस्त स्थिती पुरती हजर होती, आणि मीटर सगळं ठीक आहे असं सांगत होता. उघड्या दाराने पहिल्या दिवशी मला फसवलं हे खरं, पण दार बंद असतं तरी मी फसलोच असतो. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती.

कारण असं. डिजिटल मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना जवळपास करंट घेतच नाही. त्याचा स्वतःचा अवरोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्याच्या वाटेत कुठेतरी १० ओहमचा अडथळा आला तर त्याला तो जाणवणारही नाही. पण काच चढवणारी मोटर ५ ते ८ अँपिअर मागते. तिच्यासाठी तेच १० ओहम म्हणजे बंद दरवाजा: १२ व्होल्टच्या बॅटरीतून १० ओहमच्या वाटेने १.२ अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या अडथळ्यावर खर्च होतं आणि मोटरच्या वाट्याला व्होल्टभरच उरतं. फ्यूज उडत नाही तोही याचमुळे. फ्यूज जास्त करंटने उडतो, इथे तर करंट कमी पडत होता.

म्हणून मीटर बाजूला ठेवला आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारा जोडून घेतला. हा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणजे वायरला खरं काम पडतं. आधी निळीवर लावला, मास्टर ‘वर’ दाबला: लख्ख प्रकाश. मग हिरवीवर, मास्टर ‘खाली’: काहीच नाही. बल्बच्या दोन टोकांवर मीटर धरला तर एक व्होल्टसुद्धा नव्हता. शेजारीशेजारी धावणाऱ्या, एकाच जाडीच्या दोन वायरी, आणि एवढा फरक. निरोगी भावंड हाताशी असलं की तुलनेसाठी मॅन्युअल शोधावं लागत नाही.

असा बल्ब एअरबॅगच्या किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक युनिटच्या वायरीवर कधीही लावू नये. मोटरच्या जाड वायरींवरच लावावा, आणि आपण कुठल्या वायरीवर आहोत याची खात्री करूनच.

काच आधी वर आणणं

पाऊस चालू होता, तेव्हा पुढे शोध घेण्याआधी काच वर आणणं भाग होतं. अडकलेली काच हाताने ओढून चढवता येत नाही. मोटरमध्ये वर्म गिअर असतो, तो मोटरकडून काचेला हलवू देतो, काचेकडून मोटरला नाही. चोराला काच ढकलता येऊ नये म्हणून ते बरंच आहे, पण अशा वेळी अडचण होते.

शेजारच्या स्विचचा कपलर परत लावला. एक जाड वायर घेतली, तिच्यात मधे २० अँपिअरचा फ्यूज घातला. तिचं एक टोक कपलरच्या मागून हिरव्या टोकाला टेकवलं, दुसरं बॉडीला. मग शेजारचा स्विच ‘वर’ दाबला. काच एका दमात पूर्ण चढली, दार बंद असतानाही.

तात्पुरत्या सोयीपलीकडे ही एक पक्की चाचणीच होती. परतीला नवी वाट मिळताच सगळं चाललं, म्हणजे मोटर, मशीन, शेजारचा स्विच आणि त्याचा तो संपर्कबिंदू, सगळे सुटले. उरली फक्त लांब हिरवी वायर. एक खबरदारी मात्र जरूर घ्यावी: ही वायर लावलेली असताना मास्टरवर ‘खाली’ दाबलं तर मास्टरचा प्लस सरळ अर्थला मिळतो, म्हणजे शॉर्ट. त्यासाठीच मधे फ्यूज होता, आणि मावशीला मास्टरपासून हात लांब ठेवायला सांगितलं होतं.

वायर अर्ध्यात कापत जाणं

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बसलो. हिरवी वायर दोन रबरी नळ्यांमधून जाते, ड्रायव्हरच्या दाराची एक आणि शेजारच्या दाराची एक. दार आणि खांब यांच्यामध्ये दिसणारी ती घडीदार नळी, तिला रबर बूट म्हणतात. दार उघडताना-लावताना आतल्या वायरी दर वेळी वाकतात, म्हणून तुटायची पहिली जागा तीच. मावशीच्या बोलण्यावरून ड्रायव्हरच्या बाजूचा संशय होताच. पण मला आता अंदाजावर काही उघडायचं नव्हतं.

पेच असा की रबर बूटला हात लावायला दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की दोष पळून जातो. तेव्हा बूटला हात न लावता, दार बंद ठेवूनच मोजायचं होतं. मास्टर स्विचचं पॅनल हाताच्या टेकणीवरून वर उचललं. कपलर जोडलेलाच ठेवला आणि हिरवीच्या मागून बारीक टाचणी सरकवली, वायरीचं आवरण न टोचता. आवरणाला भोक पाडलं की पुढे तिथूनच पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. तशीच टाचणी शेजारच्या स्विचच्या कपलरला. मीटरच्या तारा लांब करून दोन्ही टाचण्यांना जोडल्या आणि शेजारचा स्विच ‘वर’ दाबला.

१०.९ व्होल्ट. एकाच वायरीच्या दोन टोकांमध्ये! निरोगी वायरीच्या दोन टोकांत असा फरक पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर असू नये. निळीवर तीच मोजणी ‘खाली’ दाबून केली, ०.३ आला.

ड्रायव्हरच्या पायाशी, बाजूच्या पॅनलमागे एक मोठा कपलर आहे. दारातून आलेल्या वायरी तिथे गाडीच्या मुख्य वायरिंगला जोडल्या जातात. तिथली हिरवी शोधली आणि वायरीचे दोन भाग पाडले. पायाजवळच्या कपलरपासून शेजारच्या स्विचपर्यंत: ०.२ व्होल्ट. मास्टरपासून पायाजवळच्या कपलरपर्यंत: १०.७. वायरीचा लांबलचक भाग निर्दोष निघाला. दोष होता ड्रायव्हरच्या दाराच्या मास्टर स्विचपासून पायाच्या पॅनलपर्यंतच्या हातभर तुकड्यात, आणि त्या तुकड्यात वाकणारी जागा एकच.

मग मीटरकडे बघत, शेजारचा स्विच मावशीला दाबून धरायला सांगून, ड्रायव्हरचं दार अगदी हळू उघडत गेलो. वीतभर उघडलं असेल. आकडा १०.७ वरून एकदम ०.२ वर कोसळला आणि त्याच क्षणी पलीकडची काच सुर्रकन चढली. मी जिथे हात लावत होतो ते दार आणि जी हलली ती काच, गाडीच्या दोन टोकांना. मावशी म्हणाली, “मी सांगत होते ना?” सांगत होतीच.

बूटच्या आत

बॅटरीची मायनस काढली आणि काही मिनिटं थांबलो, कारण दारात एअरबॅगच्या वायरीही असू शकतात. मग रबर बूटची खांबाकडची कड खाचेतून सोडवली, आत गुंडाळलेली टेप कापली. दहा-बारा वायरी बाहेर आल्या. हिरवीचं आवरण दिसायला धड होतं, नुसतं बघून काही कळलं नसतं. पण एकेक वायर दोन चिमटींत धरून हलकेच ताणली, तर बाकीच्या ताठ राहिल्या आणि हिरवी एका जागी रबरासारखी लांबली. तिथे आत तांबं नव्हतं, नुसतं आवरण ताणलं जात होतं.

आवरण चिरून पाहिलं. सगळे धागे तुटलेले, टोकं काळी आणि हिरवट. ‘एकच धागा उरलाय म्हणून करंट कमी येतो’ असं आपण सहज म्हणतो, पण इथे तो प्रकार नव्हता. सेंटिमीटरभर लांबीच्या एका अखंड धाग्याचा अवरोध ओहमचा शंभरावा हिस्साही नसतो. तो तापेल, वितळेल, पण तुटेपर्यंत मोटर चालवेल. खरा अडथळा असतो तो गंजलेली टोकं एकमेकांना नुसती टेकतात तेव्हा. दार बंद असताना वायर घडीत वाकत होती आणि टोकं विलग व्हायला बघत होती. दार उघडलं की वायर सरळ होऊन ती घट्ट भिडत होती. काही गाड्यांत याच्या उलट घडतं, दार उघडं असताना दोष आणि बंद असताना सगळं ठीक. तुटण्याची जागा वळणाच्या कुठल्या बाजूला आली त्यावर ते अवलंबून.

हिरवीच्या शेजारी आणखी दोन वायरींचं आवरण तडकलेलं होतं. त्यातली एक खिडक्यांच्या प्लसची जाड वायर होती. तिचं तांबं अजून शाबूत होतं. पण ती तशीच सोडली असती तर कधीतरी दाराच्या पत्र्याला टेकून शॉर्ट झाली असती. तिन्ही बदलायचं ठरवलं.

जोड कुठे द्यायचा

दुरुस्तीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. तुटलेल्या जागीच दोन टोकं पिळून टेप मारली तर काच लगेच चालू होते आणि काही महिन्यांत पुन्हा तुटते. तिथे डाग दिला तरी तेच. वितळलेलं सोल्डर धाग्यांमध्ये शोषलं जाऊन वायर काडीसारखी कडक होते, आणि हा कडकपणा जिथे संपतो नेमक्या त्या रेषेवर पुढचा मोड येतो. वाकणाऱ्या भागात कुठलाही जोड असताच कामा नये.

म्हणून तिन्ही वायरी दाराच्या आत बूटच्या तोंडापलीकडे वीतभर आणि इकडे पायाच्या पॅनलमागे कापल्या. मधला पूर्ण तुकडा नवा घातला. वायर मूळ जाडीचीच, पण जास्त बारीक धाग्यांची आणि मऊ आवरणाची घेतली. अशी वायर वाकणं अधिक सोसते. जोड क्रिंप करून दिले, वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. जोड एकमेकांसमोर न आणता पुढेमागे ठेवले, म्हणजे एका जागी गाठ झाली नाही. लांबी मूळ वायरींएवढीच धरली. तोकडी वायर ताणते, जास्त लांब ठेवली तर बूटमध्ये दुमडते. वरून कापडी टेप सैलसर गुंडाळली.

नव्या वायरी बूटमधून ओवणं हे सगळ्यात चिकाटीचं काम ठरलं, त्यातच दुपार गेली. बूटची कड खाचेत चारही बाजूंनी बोट फिरवून बसवली. ती एका जागीही उचललेली राहिली तर पावसाचं पाणी थेट पायाच्या कपलरवर उतरतं. दाराच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदाही पूर्ववत चिकटवला. तो फाडून फेकून देणारे बरेच असतात आणि मग गाडीत गालिचा का भिजतो ते कळत नाही.

तपासणी, आणि राहिलेलं थोडं

बॅटरी जोडली. ड्रायव्हरच्या काचेला एका दाबात पूर्ण चढण्याची सोय आहे, बॅटरी काढल्यामुळे ती विसरली होती. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरल्यावर परत आली. या गाडीत एवढंच पुरतं, इतर गाड्यांची रीत त्यांच्या पुस्तिकेत दिलेली असते.

मग दार बंद, वीतभर उघडं आणि पूर्ण उघडं, अशा तिन्ही स्थितींत चारही चाचण्या केल्या. मधे मधे मोटरला विश्रांती दिली. सलग चालवली तर आतलं तापसंरक्षण तिला बंद करतं आणि गार होईपर्यंत ती हलत नाही, की आपण समजतो पुन्हा बिघडली. हिरवीवरचा फरक तिन्ही स्थितींत ०.२ व्होल्ट.

वर जाताना काच शेवटच्या चार बोटांत किंचित अडत होती. खाचेतल्या रबरात माती बसली होती. ओल्या फडक्याने पुसलं, सिलिकॉन स्प्रेचा हलका हात दिला. तिथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, रबर फुगतं आणि काच आणखी जड होते.

ज्या नव्या गाड्यांमध्ये प्रत्येक दारात स्वतंत्र कंट्रोल युनिट असतं, तिथे माझा निळ्या-हिरव्याचा तर्क जसाच्या तसा लागू होणार नाही. स्विच तिथे फक्त संदेश पाठवतो आणि मोटर ते युनिट चालवतं, तेव्हा स्कॅनर (युनिटमधले दोष वाचणारं यंत्र) लावून सुरुवात करणं योग्य. पण त्याही दारांच्या वायरी रबर बूटमधूनच जातात.

शेवटी डिकीतली जुनी मोटर आणली. तिच्या दोन टोकांना फ्यूज घातलेल्या वायरी लावून बॅटरीला जोडली. एका बाजूने लावली, फिरली. उलटी लावली, उलटी फिरली, तितक्याच जोरात. मावशीने ती पुसली, पिशवीत घातली आणि परत डिकीत ठेवली.